चवथ सरली की पेटी बंद! रियाज वर्षभर टिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

फोंड्याजवळ राहतो, नोकरी वेर्ण्याला, पाळीची. गावच्या देवळात भजनाला साथ करता करता पेटी शिकलो, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांपैकी प्रवेशिका पूर्ण झाली आणि गाडी तिथेच अडली. आता चाळिशीत पुढची परीक्षा, मध्यमा, द्यायची आहे.

श्रावण लागला की मला कुणी सांगावं लागत नाही. सप्ताह, मग चवथ, घरोघरी आरत्या. रात्रपाळी करून आलो तरी बोटं शिवशिवतात. विसर्जनानंतर मात्र पेटीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग चढतो. परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे ऐन तोंडावर माझा जोर ओसरलेला. अभंग वाजवायला कंटाळा नाही. पलटे (स्वरांचे सराव) घोटणं, हातावर ताल धरून दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत, म्हणणं, लेखी पेपर, इथे घोडं अडतं. बायको म्हणते, "तुम्हाला रियाज नको, श्रोते हवेत." आता काय बोलणार!

थोर गायिका केसरबाई आपल्या गोव्यातल्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, हे ऐकून दोन दिवस चढतं, मग पुन्हा ड्युटी. तेव्हा कृपया स्फूर्तिकथा नकोत, २१ दिवसांत सवय लावणारे व्हिडिओही नकोत. पाळी दर आठवड्याला बदलते, 'रोज पहाटे पाच' जमणार नाही. फ्लॅट असल्याने रात्री पेटी वाजवता येत नाही. नोकरी सांभाळून मोठेपणी परीक्षा दिलेल्यांनी वेळ कसा काढला? आणि फॉर्म आधी भरावा की तयारी झाल्यावर?

प्रतिसाद (डिचोलीचा तबलजी):

दादा, रियाज घड्याळाला बांधू नका, चहाला बांधा. पाळी कुठलीही असो, घरी आल्यावरचा चहा चुकत नाही ना? कप खाली ठेवला की पेटी उघडायची, पलटे दहाच मिनिटं. कपडे मात्र आधी दुसरीकडे हलवा, नाहीतर तेच निमित्त होतं. ताल कंपनीच्या बसमध्ये मांडीवर म्हणा, मी तसाच पाठ केला.

२१ दिवसांचं सोडाच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, माणसागणिक १८ ते २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हे पाळीवाल्यांसाठी महत्त्वाचं.

फॉर्म आधीच भरा. पैसे गेले की हात आपोआप चालतो. आणि वहिनी म्हणतात ते खरं असेल तर श्रोते शोधा की! देवळात आठवड्याचं भजन असेल तर अभ्यासातल्या रागातला एक अभंग दर वेळी तिथे वाजवा. सध्या कुठला राग चालू आहे?

धागाकर्ता: बागेश्री. सोमवारी भजन असतं, पण पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट. पाळी बदलून मिळते का बघतो.