ऑल्ट-कंट्रीला मराठीत काय म्हणायचं?

सूरपिसा: अंकल टुपेलो या अमेरिकन बँडवर मराठीत लिहितोय आणि पहिल्याच ओळीत अडकलोय. त्यांचा प्रकार ऑल्ट-कंट्री, म्हणजे रॉक अधिक जुनं कंट्री (अमेरिकन गाण्यांचा एक प्रकार), वर स्वतंत्र लेबल, म्हणजे छोटी रेकॉर्ड कंपनी. 'पर्यायी ग्रामीण संगीत' लिहिलं तर कृषिवार्ता वाटते. शिवाय त्यांचा पहिला अल्बम 'नो डिप्रेशन', त्याला 'नैराश्य नको' चालेल का?

रानवारा: नैराश्य अजिबात नको! ज्या गाण्यावरून अल्बमचं नाव आलं ते मूळ कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गटाने 1936 मध्ये रेकॉर्ड केलेलं, डिप्रेशन म्हणजे तेव्हाची महामंदी. मंदी नसलेल्या जागी, म्हणजे स्वर्गात जायचंय असं ते गाणं म्हणतं. आणि बेलव्हिल, इलिनॉयमधली तरुण पोरं 1990 मध्ये तेच गाणं घेतात, त्याच अल्बमची सुरुवात मात्र 'ग्रेव्हयार्ड शिफ्ट'ने, गिटार धडाधड चालू, मधेच सगळं कच्चकन थांबतं, परत चालू. पंक, म्हणजे वेगवान, खरखरीत रॉक, ऐकून वाढलेल्यांनी जुनं कंट्री असं हातात घेतलं यातच त्यांचं मोठेपण आहे, तर 'मंदी' हा अर्थ निसटू देऊ नकोस प्लीज.

जुनीतबकडी: 'ग्रामीण' आणि 'लोकसंगीत' दोन्ही नको. कंट्री हा अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात उभा राहिलेला अख्खा धंदा आहे, स्टुडिओ, रेडिओ, लेबलं सगळं आलं. आणि ऑल्ट म्हणजे कंट्रीला पर्याय नव्हे, नॅशव्हिलच्या गुळगुळीत कंट्रीला पर्याय, जुन्या कंट्रीवर तर या लोकांचा जीव आहे. 'पर्यायी'मधून नेमकं उलटं कळतं म्हणून मी सरळ ऑल्ट-कंट्री लिहीन आणि पुढे एका वाक्यात समजावीन. 1995 ला याच अल्बमच्या नावाचं मासिक निघालं, त्यांनीसुद्धा ऑल्टरनेटिव्ह कंट्रीपुढे कंसात 'म्हणजे जे काय असेल ते' अशा अर्थाचं छापलं होतं!

सूरपिसा: मग 'इंडी'चं काय? आपल्याकडे फिल्मी नसलेल्या सगळ्यालाच इंडी म्हणतात.

जुनीतबकडी: इथे 'स्वतंत्र' बरा. मूळ अर्थ रेकॉर्ड कोण काढतंय एवढाच, सुराशी संबंध नाही. त्यांचे पहिले तीन अल्बम रॉकव्हिल या छोट्या लेबलवर, तिसरा तर मार्च 1992 मध्ये पाच दिवसांत झाला, आरईएम या रॉक बँडच्या पीटर बकने प्रोड्यूस केला, बहुतेक सगळा अकूस्टिक आणि अल्बमचं नावच त्या तारखा. चौथा 'ॲनोडाइन' 1993 ला सायरवर, म्हणजे मोठ्या कंपनीकडे, तर त्याला इंडी म्हणू नकोस. 1994 ला बँड फुटला, जे फॅरारने सन व्होल्ट काढला, जेफ ट्वीडीने विल्को.

रानवारा: 'ट्वँग'लाही शब्द शोधत असशील तर 'गेंगाणा' नको, त्यात हिणवणं आहे. टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारची तार ब्रिजजवळ, म्हणजे तार जिथे खाली टेकते तिथे, छेडली की जो कडक, चरचरीत आवाज येतो तो, ट्वँगच ठेव.

सूरपिसा: ठेवतो. पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून वाजवायची पेडलवाली गिटार, तिच्या सरकत्या सुरांना 'मींड' लिहिलं तर?

रानवारा: चालेल की, आपल्याकडच्या वादक व्हॅन शिप्लेची हवाईयन गिटार ऐकलेल्यांना लगेच कळेल, दोन्हींचं मूळ हवाईच. फक्त एवढं लिही की पेडल दाबलं की ठराविक तारांचाच सूर बदलतो, त्यामुळे एक सूर जागेवर राहतो आणि दुसरा सरकत येऊन त्याला भिडतो. 'ॲनोडाइन'वर लॉइड मेन्सने वाजवलंय, ते ऐकून मग लिही.