कॉडलिंग: मासा आणि सफरचंद, शब्द एक की दोन?

शब्दवेडी:
इंग्रजीत कॉडलिंग म्हणजे कॉड माशाचं पिल्लू. आणि कॉडलिंग म्हणजे शिजवून खायचं एक आंबट, हिरवट सफरचंदही. माझं मत असं की शब्द एकच. बदकाचं पिल्लू डकलिंग, तसं कॉडचं कॉडलिंग. प्रत्यय लहानपण दाखवतो. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये माल्वोलिओ दारातल्या पोराचं वय सांगतो: धड पुरुष नाही, धड मुलगा नाही, सफरचंद व्हायच्या बेतातलं कॉडलिंग. इथेही कोवळेपणाच. मग दोन शब्द कशाला मानायचे?

गुंजभर:
जुनी रूपं पाहिलीत तर हे टिकत नाही. १४४०च्या सुमारास नॉरफोकमध्ये झालेल्या इंग्रजी-लॅटिन कोशात हे सफरचंद 'क्वेर्डलिंग' आहे. मधला 'र' बघा! पुढे क्वॉडलिंग, मग कॉडलिंग. मासा मात्र पहिल्यापासून कॉडचाच. 'सिंहाचं काळीज' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांतून फळाचं नाव आलं, असा एक तर्क आहे. मला तो आवडतो, पण माझी भिस्त त्या 'र'वर आहे.

आपल्याच भाषेत बघा ना. पाटीतला मासा मत्स्यावरून आला. सोनाराचा मासा, आठ गुंजांचा, बारा मिळून तोळा, तो माष म्हणजे उडदावरून. झिजत झिजत दोघे एका उच्चारावर आले. म्हणून त्यांना सख्खे भाऊ म्हणायचं का?

आंबटगोड:
दोघांनाही माझा विरोध. इंग्रजीत 'कॉडल' म्हणजे मंद आचेवर उकळणं. ही सफरचंदं उकळूनच खात. नाव स्वयंपाकघरातून आलंय, इतकं सरळ आहे.

गुंजभर:
सरळ वाटतं खरं, पण त्या क्रियापदाच्या नोंदी सोळाव्या शतकाच्या अखेरच्या. क्वेर्डलिंग त्याआधी दीडशे वर्षं कोशात आहे. नातू आजोबांना नाव कसं देणार?

शब्दवेडी:
'र' मान्य. मत्स्य-माषाचं उदाहरणही बिनतोड, मूळ एक हा दावा मी मागे घेते. पण माल्वोलिओ मी सोडणार नाही. क्वेर्डलिंग हे एका जातीचं नाव होतं. त्याच्या तोंडी ते कुठल्याही कच्च्या सफरचंदाचं झालंय. शेवट पिल्लांच्या शब्दांसारखा ऐकू येऊ लागल्यावरच हा अर्थ चिकटला असणार. जन्म वेगळा असला तरी संगतीचा परिणाम झालाच.

गुंजभर:
हे मात्र पटलं. उकळण्याचा वासही त्याच संगतीतून लागला असेल, आंबटगोड.