थँक्सगिव्हिंग, केबिन आणि दीडशे पोळ्या

कढीपत्ता:
काल गराजमधला जुना कूलर धुवायला काढला. झाकणाच्या खाचेत घडी घातलेला कागद अडकलेला. उलगडला तर २००९ च्या थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार, जोडून चार दिवस सुट्टी) डोंगरातल्या भाड्याच्या केबिनमध्ये न्यायच्या सामानाची यादी! माझंच अक्षर, कोपऱ्यात हळदीचा डाग.

"पोळ्या १५० (तीन घरं, प्रत्येकी ५०). कांदे १० पाउंड. आलं. चहा पावडर - आपलीच. मोठा कुकर. सांडशी!!! पत्ते २ कॅट. मुलांचे जादा मोजे."

सांडशीपुढे तीन उद्गारचिन्हं, कारण आदल्या वर्षी ती घरी राहिली आणि चार दिवस आम्ही कढत पातेली पायमोज्यांनी उतरवली. (धुतलेल्या. बहुतेक.)

अटलांटाहून गॅटलिनबर्ग, म्हणजे टेनेसीतलं स्मोकी डोंगरातलं गाव, चार तास. बुधवारी ऑफिस सुटलं की निघायचं, रात्री केबिनच्या चढावर गाडी घसरवायची, आणि सामान आत जायच्या आधी कुणीतरी चहा टाकलेला असायचा. शुक्रवारी न्यूफाउंड गॅपच्या खिंडीत. ५,०४६ फुटांवर टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाची हद्द आहे, मुलं एक पाय इकडे एक तिकडे ठेवून "मी दोन राज्यांत" करत बसायची. अख्खं जग ब्लॅक फ्रायडेच्या सेलच्या रांगेत आणि आम्ही बर्फात दडप्या पोह्यांचा डबा उघडून.

त्या वर्षी आमच्यातला एक जण फारच मदत करत होता. भांडी तोच घासणार, कचरा तोच अस्वलाला उघडता येत नाही त्या पेटीत टाकून येणार, सकाळचा चहा त्याचाच. शनिवारी रात्री सिंकपाशी उभा राहून, कुकरचं बूड घासता घासता म्हणाला, "वहिनी, सोमवारपासून मला ऑफिस नाही." मंगळवारीच काढलं होतं. बायकोला माहीत होतं, आम्हाला नाही. सुट्टी नासायला नको म्हणून गप्प. एच-वन वर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर होता, आणि तेव्हा नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला आत्तासारखी साठ दिवसांची मुदतही नव्हती. मी हातात फडकं घेऊन उभी. काय बोलावं कळेना, म्हणून त्याच्या हातातला कुकर घेऊन पुसत राहिले.

डिसेंबरात गेले ते भारतात परत. असो. तुमचे थँक्सगिव्हिंगचे डोंगर लिहा. चांगले, वाईट, फजितीचे, सगळे चालतील.

घाटमाथा:
सांडशी +१००. आम्हाला २०१२ ला तिथल्याच एका केबिनमध्ये काट्याचमच्यांच्या ड्रॉवरमध्ये सांडशी सापडली होती. बायको म्हणाली, देव पावला. येताना घेऊन आलो. तुमची असेल तर सांगा, पोस्टाने पाठवतो.

कढीपत्ता:
नाही हो, आमची घरीच राहिली होती. पण म्हणजे चोरी कबूल!

घाटमाथा:
बदल्यात आमची किसणी राहिली ना तिथे. फिटंफाट.

अर्धी पोळी:
पोकोनोज (पेनसिल्व्हेनियातले डोंगर), न्यू जर्सीची सात घरं, नवऱ्यांचा हट्ट की "या वर्षी टर्की आपण करायची". आणली बुधवारी रात्री, १४ पाउंडाची, दगड. फ्रीजमध्ये वितळायला चार-पाच पाउंडाला एक दिवस लागतो हे गुरुवारी सकाळी सात वाजता वाचलं. दुसरा मार्ग थंड पाण्याचा. पाउंडाला अर्धा तास, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. म्हणजे सात तास!

सिंक लहान, म्हणून बाई गेल्या बाथटबात. बाहेर पुरुषांनी पाणी बदलायच्या पाळ्या लावल्या आणि मेंढीकोट मांडला. अर्ध्या तासाचा गजर वाजला की जो हरत असेल तो पत्ते टाकून "माझी पाळी, माझी पाळी" करत पळायचा. बाथरूम तिथे दोनच, त्यातलं एक टर्कीकडे. उरलेल्यापुढे आम्ही बायका आणि अकरा मुलं रांगेत.

मालवणी मसाला चोळून दोनला ओव्हनमध्ये. साडेसहाला कापली तर आतून कागदी पिशवी निघाली, काळीज-बिळीज भरलेली तशीच. कुणी काढलीच नव्हती. मुलांनी बघितलं आणि सगळ्यांनी वरणभात मागितला.

ठसका:
हहपुवा!! बाई गेल्या बाथटबात 😂

अर्धी पोळी:
त्या टबात रविवारपर्यंत कुणी आंघोळ केली नाही हे लिहायचं राहिलं.

निवांत:
गॅटलिनबर्ग वाचून थांबले. आम्ही २०१६ ला तिथे होतो.

त्या वर्षी कित्येक आठवडे पाऊस नव्हता. पायाखाली पानं पापडासारखी वाजायची. शनिवारी डोंगरावर धुरासारखं दिसत होतं, चिमनी टॉप्सच्या अंगाला. आम्ही फोटो काढले. नावच स्मोकी, आम्हाला वाटलं हेच ते. रविवारी २७ ला निघालो. सोमवारी रात्री वारा सुटला, ताशी ऐंशी मैलांच्या वर, आणि आग गावात उतरली. १४ माणसं गेली. अडीच हजारांच्या आसपास घरं-इमारती जळाल्या किंवा मोडल्या.

आमची केबिन त्यातच. मालकीणबाईंचा दोन दिवसांनी ईमेल आला. त्यात आपल्या घराबद्दल एकच ओळ, बाकी सगळं "तुम्ही नीट पोचलात ना, मुलं बरी आहेत ना". मुलीने त्यांच्या पाहुण्यांच्या वहीत तीन रंगांत अस्वल काढलं होतं, त्याला धोतर नेसवलं होतं. फोटो काढायला हवा होता त्याचा.

कढीपत्ता:
बाई गं. टीव्हीवर बघताना आम्ही रस्ते ओळखत होतो. आमचा पॅनकेकवाला कोपरा कुठला ते शोधत होतो.

घाटमाथा:
🙏 यावर काही बोलवत नाही.

रात्रपाळी:
तुम्ही सगळे डोंगरात असता तेव्हा आम्ही पुण्यात हिंजवडीला ऑनकॉल असतो, हेही या धाग्यात नोंदवून ठेवा. चार दिवस अमेरिका बंद, पण खरेदीच्या साइटी चालूच. उलट लोड तेव्हाच. एकदा रात्री अडीचला सर्व्हर आडवा. तिकडच्या लीडला फोन, तर "मी डोंगरात आहे, रेंज नाही, ऐकू येत नाही" आणि मागून स्पष्ट आवाज, "अहो, भजी गार होतायत."

ठसका:
रेंज नाही पण भज्यांचा आवाज येतो 😂

रात्रपाळी:
मराठीच होता हो, तोच तर त्रास. त्याला वाटलं मला मराठी कळत नाही. पुढच्या आठवड्यात विचारलं, कांद्याची की बटाट्याची? फोन तीन सेकंद शांत.

शेवग्याची शेंग:
आमच्याकडे वेगळाच पेच. गेल्या वर्षी, २०२५ ला, थँक्सगिव्हिंग आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार एकाच दिवशी! २७ नोव्हेंबर. २०२२ लाही आलं होतं तसंच. सासूबाई इथेच होत्या. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात केबिन, सोबत मित्राचं कुटुंब, त्यात एक गोरी सून. सासूबाईंनी घरून कलश आणलेला, नारळ, पोथी, सगळं टॉवेलमध्ये गुंडाळून. विड्याची पानं नाहीत तर म्हणाल्या, बाहेरची आणा. बाहेर सगळी झडलेली. शेवटी ऱ्होडोडेंड्रॉनची पाच हिरवी पानं कलशाला लावली.

त्या सुनेने मुकाट्याने टर्की शुक्रवारवर ढकलली. सांगायला लागलं नाही. संध्याकाळी कहाणी ऐकायला मांडी घालून बसली, एक अक्षर कळत नव्हतं तरी. सासूबाईंनी तिला हळदीकुंकू लावून फळ दिलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिचे पाय दुखत असतील, उशी दे."

आदल्या दिवशी चंपाषष्ठी, म्हणून वांगी ग्रिलवर भाजून भरीत-रोडगा पण केला. एकूण काय, डोंगरावर जाऊन आम्ही सणवारच केले.

अर्धी पोळी:
ऱ्होडोडेंड्रॉनचं तेवढं जपून हं, विषारी असतं. कलशाला ठीक, मुलांच्या तोंडात जायला नको.

शेवग्याची शेंग:
हो, नवऱ्याने गूगल करून लगेच मोठ्ठं व्याख्यान दिलं. दुसऱ्या दिवशी विसर्जन काळजीपूर्वक.

मु.पो. डेन्व्हर:
एस्टेस पार्क, कोलोरॅडोच्या डोंगरातलं गाव. ७,५२२ फूट. तिथे पाणी ९२ डिग्रीच्या आसपासच उकळतं, हे मला शाळेत शिकवलेलं, पण राजम्याला बसेपर्यंत कळलं नव्हतं. कुकर कुणीच आणला नाही, प्रत्येकाला वाटलं दुसरा आणेल. सकाळी अकराला राजमा चढवला. चारला कडक. सहाला कडक. गुरुवार, दुकानं बंद. २०२० पासून बहुतेक मोठी दुकानं थँक्सगिव्हिंगला उघडतच नाहीत. गॅस स्टेशनवरून ब्रेड आणला आणि राजम्याच्या रश्शात बुडवून खाल्ला. दाणे बाजूला काढून मुलांनी गोट्या खेळल्या.

सकाळी डेकवर भलामोठा एल्क, म्हणजे आपल्या सांबरासारखा. शोभेचा भोपळा खात उभा. त्याला मात्र काही शिजवायला लागलं नाही.

ठसका:
राजमा मिसळ-पाव!

कोकम सरबत:
टाहो (कॅलिफोर्नियातलं डोंगरातलं तळं), २०१९. मंगळवार-बुधवारचं ते वादळ ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. आय-८० हायवेवर चेन कंट्रोल, म्हणजे बर्फासाठी चाकांना साखळ्या लावायची सक्ती. नवऱ्याने यूट्यूब बघून ठेवलेलं, "दहा मिनिटांचं काम". गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, हा साखळ्या मागच्या चाकांना लावून मोकळा. पाऊण तास, बोटं निळी. तपासणीवाल्याने टॉर्च मारला, हसला नाही बिचारा. नुसतं पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं. मागे मित्राची गाडी, त्यानेही आमचं बघून मागेच लावलेल्या!

पोचलो पहाटे दोनला. त्या रात्रीचं मॅगी मी जन्मात विसरणार नाही. पातेल्यातूनच, सहा काटे.

घाटमाथा:
दुसऱ्याचं बघून लावल्या 😄 परीक्षेची सवय.

बाकी हिशोबाचं कुणी लिहीत नाही ते? आमचा ग्रुप फुटला तो टेकडीवर नाही, टेकडीवरून आल्यावर. एकाने ज्या पोळ्या बायकोने घरी लाटल्या त्यांचे पीठ, तेल आणि "मेहनत" अशा तीन ओळी खर्च वाटून घ्यायच्या ॲपमध्ये टाकल्या.

अर्धी पोळी:
मेहनत किती लावली ते सांगा. आम्हालाही दर ठरवायचा आहे.

कोकम सरबत:
मी तर म्हणते बरोबर केलं. ५० पोळ्या बुधवारी ऑफिस करून लाटून बघा एकदा.

घाटमाथा:
माघार. पूर्ण माघार.

ठसका:
विषयांतर, पण क्रॅनबेरी उरते तिचं काय करता? माझ्याकडे दोन पिशव्या पडल्यात.

शेवग्याची शेंग:
लोणचं! अर्ध्या चिरायच्या, मीठ, तिखट, मोहरीची डाळ, थोडी मेथी, भरपूर गूळ, वरून हिंगाची गार फोडणी. करवंदासारखं लागतं. डोळे मिटून खाल्लं तर महाबळेश्वरच्या घाटात टोपलीवाल्या मावशींकडून घेतल्यासारखं.

ठसका:
गूळ किती? "भरपूर" म्हणजे?

शेवग्याची शेंग:
चव बघत बघत. सासूबाईपण हेच सांगतात, मलाही राग येतो.

मु.पो. डेन्व्हर:
@कढीपत्ता, तो मित्र पुढे कुठे गेला? वाचल्यापासून डोक्यात आहे.

कढीपत्ता:
पुण्यात, बरं चाललंय. मुलगी इंजिनियर झाली यंदा. जाताना मोठा कुकर आमच्याकडेच ठेवून गेला, वजन नको म्हणून. काल यादीचा फोटो पाठवला. तिकडे पहाटेचे पाच असतील. लगेच उत्तर: "वहिनी, कुकर परत कधी देताय?"

निवांत:
❤️

मु.पो. डेन्व्हर:
अजून चालतो कुकर?

कढीपत्ता:
चालतो की. गास्केट तीनदा बदललं. शिट्टी दुसऱ्याच कुठल्या कुकरची आहे, जरा तिरकी बसते. आज त्यातच राजमा टाकलाय, तुमचा वाचून.

घाटमाथा:
गास्केट कुठे मिळालं अटलांटात? आमचं साडेसात लिटरचं कुठेच मिळत नाहीये.

कढीपत्ता:
डेकेटरच्या किराण्यात, काउंटरच्या मागे खिळ्याला टांगलेली असतात. मागावी लागतात. जुनं सोबत न्या, मापाला.