अनुभव धागा: अपूर्णांकाचा दशांश करताना

गेल्या आठवड्यात लेकीची पाचवीची वही बघत होते. १/४ = १.४. त्याखाली ३/८ = ३.८. मधली रेघ पुसून तिनं तिथं टिंब दिलं होतं, बस्स. मी विचारलं, "पाव म्हणजे किती गं?" ती लगेच म्हणाली, "चार पाव मिळून एक." म्हणजे पाव तिला पक्का ठाऊक होता, फक्त वहीतला १/४ म्हणजे तोच पाव, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "मग पाव एकापेक्षा मोठा कसा होईल?" एवढंच विचारलं. तिनं थोडा वेळ वहीकडे बघितलं आणि स्वतःच खोडरबर घेतलं.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. अंशाला छेदानं भागायचं ही रीत आपण सगळे शिकलो, पण टिंबापुढचा आकडा कशाचा भाग सांगतोय हे कुठं अडलं, कुठं चुकलं, कुठं लख्ख कळलं, ते इथं लिहा. शिक्षकांनी लिहाच, पण ज्यांचा रोजचा हिशेब हातावर चालतो त्यांनी आवर्जून लिहा.

वाईहून, निवृत्त पोस्टमास्तर

आम्ही पाढ्यांनंतर अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणत वाढलो. औट म्हणजे साडेतीन. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर पैसे झाले. एक आणा म्हणजे १/१६ रुपया, दशांशात ०.०६२५, म्हणजे सव्वासहा पैसे. पण पाव पैशाचं नाणंच नव्हतं. म्हणून आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ असा तक्ता दुकानात टांगलेला असे.

आईनं मला एकेक आण्याच्या तीन वस्तू आणायला पाठवलं. वेगवेगळ्या घेतल्या तर सहा त्रिक अठरा पैसे, एकदम घेतल्या तर एकोणीस. मी दुकानाच्या पायरीवर बसून बोटं मोजत राहिलो. दुकानदारानं जवळ बसवून समजावलं, "बाळा, सव्वासहातला पाव आपण सोडतोय. तीन पाव साठले की पाऊण होतं, मग ते सोडवत नाही." पूर्णांकात बदलणं म्हणजे काय, हे त्या दिवशी कळलं ते कायमचं.

बार्शी तालुक्यातून, शेतकरी

आमच्याकडं बोलताना एकर-गुंठे आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर. घरातली जमीन दोन एकर पाच गुंठे. वडिलांच्या आजारपणात एक करारनामा करायचा होता. लिहिणाऱ्यानं क्षेत्र टाकलं '२.५ एकर'. कुणालाच काही वावगं वाटलं नाही, कारण आम्ही वाचतानाही 'दोन-पाच'च वाचलं. पण एकराचे गुंठे चाळीस. पाच गुंठे म्हणजे ५/४०, म्हणजेच १/८, दशांशात ०.१२५. आमचं क्षेत्र २.१२५ एकर होतं, आणि कागद सांगत होता अडीच, म्हणजे शंभर गुंठे. पंधरा गुंठे जास्तीचे. समोरचा माणूस मोजणी झाल्यावर आम्हाला खोटं ठरवून गेला असता.

हे पकडलं माझ्या बायकोनं. सातबाऱ्यावर ०.८६ हेक्टर होतं. ती म्हणाली, "अडीच एकर म्हणजे एक हेक्टरच्या वर जातं, आपलं तर हेक्टरभरही नाही." करारनामा नव्याने केला. तेव्हापासून मी 'पाच गुंठे' असं अक्षरीच लिहितो. तुम्हीही लिहा, कळकळीनं सांगतो.

कोल्हापूरहून, काच आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या

वरच्या दादांसारखंच आमच्या सुताचं. इंचाचे आठ सूत. फोनवर मी सांगितलं, "चोवीस इंच सहा सूत." नव्या पोरानं चिठ्ठीवर लिहिलं २४.६ आणि कॅल्क्युलेटरवर २५.४ नं गुणून मिलिमीटर काढले. सहा सूत म्हणजे ६/८, पाऊण इंच. लिहायला हवं होतं २४.७५. काच जवळजवळ चार मिलिमीटर कमी आली. मोठी आली असती तर कापता आली असती, कमी आलेली वाढवता येत नाही. ती चौकटीत धरून बघताना पोराचा पडलेला चेहरा मला अजून दिसतो. चूक त्याची नव्हती, त्याला सूत कुणी शिकवलंच नव्हतं. आता भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलंय: १ सूत ०.१२५, २ सूत ०.२५, ३ सूत ०.३७५, ४ सूत ०.५, आणि तसंच पुढं सातापर्यंत.

सांगलीहून, किराणा दुकान

काचवाल्या दादा, तो तक्ता आपल्या बोलीत आधीच तयार आहे. किलोचे आठ भाग करा आणि ग्रॅममध्ये मोठ्यानं म्हणा: सव्वाशे, अडीचशे, पावणेचारशे, पाचशे, सव्वासहाशे, साडेसातशे, पावणेनऊशे. टिंबापुढं हेच मांडायचं. ३/८ म्हणजे पावणेचारशे, ०.३७५. माझ्या पुतण्याला आठचे दशांश पाठ होत नव्हते. डिजिटल काट्यावर शेंगदाणे टाकत टाकत एका दुपारी झाले. काटा ०.६२५ वर थांबला की तो ओरडायचा, "काका, सव्वासहाशे, पाच अष्टमांश!" गल्ल्यावर बसून मला यापेक्षा मोठा आनंद क्वचित झालाय.

अहिल्यानगरहून, गुणलेखक

आठ षटकांची टेनिस बॉलची स्पर्धा, दोन संघांचे गुण सारखे, म्हणून षटकामागच्या धावांच्या सरासरीवर कोण पुढं ते ठरणार होतं. एका संघानं ६० धावा ७.३ षटकांत काढल्या होत्या. ६० भागिले ७.३ केलं तर सरासरी ८.२२ येते. पण ७.३ म्हणजे सात षटकं तीन चेंडू. षटक सहा चेंडूंचं, म्हणून ३/६, म्हणजे साडेसात. खरी सरासरी ८.००. दुसऱ्या संघाची ८.१० होती. आयोजकांच्या फळ्यावर चुकीचा संघ पुढं गेलेला होता, तो मी बदलायला लावला. दोन्ही कप्तानांसमोर चेंडू मोजून दाखवले. हरलेल्या कप्तानानं शांतपणे हात मिळवला.

नाशिकहून, परिचारिका

आमच्याकडं एका टिंबाचं मोल फार मोठं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाळांच्या वॉर्डात होते. अर्धा मिली द्यायचं औषध कागदावर '.५' लिहिलेलं. कागद कार्बनखालचा, टिंब उमटलंच नव्हतं. मी सिरिंजमध्ये पाच मिली भरायला घेतलं. शेजारच्या मोठ्या सिस्टरनं माझं मनगट धरलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला एवढं? परत विचारून ये." दहापट झालं असतं. त्यानंतर मी कधीही टिंबाआधीचं शून्य सोडलं नाही. ०.५ असंच लिहायचं. आणि उलट, पाच असेल तर नुसतं ५, ५.० लिहिलं आणि टिंब पुसलं तर पन्नास वाचतात. शाळेत हे शून्य शोभेचं समजून मुलं गाळतात. बाईंनो, गुरुजींनो, ते गाळू देऊ नका.

देवरुखहून, गणिताची शिक्षिका

२ आणि ५ सोडून दुसरा मूळ अवयव छेदात उरला की भागाकार संपत नाही, हे नववीत नियम म्हणून सांगण्याआधी मी मुलांकडून फळ्यावर १/७ करून घेते. बाकी येते ३, २, ६, ४, ५, आणि मग पुन्हा १. "बाई, सुरुवातीचा एक परत आला!" असं कुणीतरी म्हणतंच. सातानं भागताना शून्य सोडून बाक्या सहाच, मग सातव्या खेपेला एखादी परत यायलाच हवी, हे तीच सांगतात. ०.१४२८५७, पुन्हा १४२८५७. मग २/७ करा, ३/७ करा: २८५७१४, ४२८५७१. तेच सहा आकडे, फेर धरल्यासारखे.

तिथं मी देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांची गोष्ट सांगते. शाळेत शिकवता शिकवता संख्यांशी खेळणारा हा माणूस. त्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या संख्यांत १४२८५७ ही आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९, बेरीज पुन्हा १४२८५७. एकदा एक मुलगी मधली सुट्टी सोडून हे हातानं पडताळत बसली होती. डबा तसाच.

जुन्नरहून

आम्ही तीन भाऊ, वडिलोपार्जित जमीन बरोबर एक हेक्टर. वाटणीत प्रत्येकी १/३. कागदावर ०.३३.३३, म्हणजे तेहतीस आर तेहतीस चौरस मीटर. तिघांची बेरीज ०.९९.९९. एक चौरस मीटर उरला. त्याचेही तीन भाग केले तरी पुन्हा तेच. वर्षभर अबोला होता घरात, त्यामुळे हा मीटर कुणाचा, हे विचारायलाही सगळे धास्तावले होते. थोरल्या वहिनी आतून चहा घेऊन आल्या, ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, "धाकट्याच्या नावे लावा. विहिरीकडची वाट त्याच्याच अंगानं जाते." माझ्या नावासमोर ०.३३.३४ आहे.