क्रिएटिव्ह एजन्सीसोबत काम करायचं का? अनुभवी चित्रकारांनी सांगा

वाईकर_जलरंग
नमस्कार मंडळी. मी जलरंगात काम करतो, वाईचे घाट, देवळं, कृष्णाकाठ असं. पुण्यातल्या एका क्रिएटिव्ह एजन्सीने इन्स्टावर चित्रं बघून फोन केला, एका हॉटेलसाठी हवीत, भिंतींवर तर लावणारच शिवाय त्यावरून मेन्यूकार्ड, मिठाईचे बॉक्स, पिशव्या सगळं डिझाइन करणार म्हणे. आम्ही आर्टिस्टला सपोर्ट करतो म्हणाले, पण म्हणजे नक्की काय करतात हे लोक? गॅलरीचं कमिशन समजतं, इथे माझं चित्र त्यांचा डिझायनर कापणार, रंग बदलणार, मग ते माझं राहतं का? आणि पैसे कशाचे मागायचे?

आर्ट_डायरेक्टर_दादर
दादा, चांगली एजन्सी असेल तर क्लायंट आणणं, बजेट पास करून घेणं, स्कॅनिंग, प्रूफ, प्रिंटरच्या डोक्यावर उभं राहणं ही सगळी कटकट तीच करते आणि तुम्ही चित्र काढायला मोकळे. पण खरा सपोर्ट मी एकाच गोष्टीवरून ओळखतो, तुमचं नाव कुठे येतंय. २०१५ च्या आसपास मुंबईत टॅक्सी फॅब्रिक सुरू झालं होतं आठवतंय का, काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या सीटवर आणि छताला तरुण डिझायनरांनी केलेलं कापड, आणि गाडीतच एका टॅगवर डिझायनरचं नाव आणि डिझाइनमागची गोष्ट. टॅक्सीत बसणाऱ्या माणसाला कळायचं की हे कुणीतरी केलंय. तुमच्या मिठाईच्या बॉक्सवरही नाव यायलाच हवं, हे आधीच मागा.

कला वेगळी आणि डिझाइन वेगळं असं मानू नका. र. कृ. जोशी उल्का या जाहिरात एजन्सीत होते, सुलेखन करायचे, कविता लिहायचे आणि विंडोजमधला मंगल हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच.

कागदपत्र_ताई
पैशाआधी कागद बघा!! कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. तुम्ही आधीच काढलेलं चित्र असेल तर हक्क तुमचा, पण त्यांच्या सांगण्यावरून पैसे घेऊन नवीन पेंटिंग काढलंत आणि करारात काहीच लिहिलं नाही तर पहिला मालक ज्याने काढून घेतलं तो, हे बऱ्याच चित्रकारांना माहीतच नसतं. म्हणून नवीन चित्रं असतील तर हक्क चित्रकाराकडेच राहील असं स्पष्ट लिहून घ्या आणि त्यांना फक्त लायसन्स द्या, कशावर छापणार, किती वर्षं, कुठे, सगळं त्यात. पिशवी वाढली की पैसे वाढले.

कापाकापीचं म्हणाल तर कलम ५७ आहे, हक्क विकला तरी तुमचं नाव लावायचा आणि प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड अडवायचा अधिकार राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं म्युरल, म्हणजे भिंतीवरचं शिल्प, सरकारने काढून टाकलं होतं, २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, म्युरलचे अवशेष परत आणि पाच लाख भरपाई. पण कोर्टात जायची वेळ येऊ नये म्हणून फायनल डिझाइन मला दाखवूनच छापायचं हे एक वाक्य करारात घाला.

भिंतचित्र_७२
ताईंचं सगळं पटलं, माझा मुद्दा जरा वेगळा. चित्रकाराला कधी बोलावतात ते बघा. सगळं ठरल्यावर फोन आला तर तुमचं चित्र म्हणजे नुसतं पॅकिंगचं डेकोरेशन. २०१७ ला मुंबईच्या ससून डॉकवर, म्हणजे मासळी बंदरावर, स्टार्ट इंडिया (St+art) या रस्त्यावरची कला करणाऱ्या संस्थेने प्रोजेक्ट केला तेव्हा कलाकारांनी त्या जागेवरच काम केलं, मासळी, कोळी बायका, तिथला वास, सगळं कामात उतरलं होतं. तुम्हीही हॉटेलची जागा बघायला जातो म्हणा, डिझायनरला सोबत घ्या, रंग कुठले छापताना टिकतील हे त्याच्याकडून समजून घ्या, जलरंगातला फिकट वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, तपकिरी क्राफ्ट पेपरवर पार मरतो. एका एजन्सीने माझं स्केच मला न विचारता आरशात दिसतं तसं उलटं छापलं होतं, अजून राग येतो.

वाईकर_जलरंग
खूप आभार सगळ्यांचे. मूळ चित्र विकत मागितलं तर?

कागदपत्र_ताई
मूळ कागद विकणं वेगळं आणि छापायचा हक्क वेगळा, दोन्हीचे दोन आकडे सांगा, आणि विकायच्या आधी हाय रिझोल्युशन स्कॅन स्वतःकडे ठेवा. अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय फाइल पाठवू नका. करार आला की नावं झाकून इथे टाका, बघते मी.