मदत हवी आहे: कॉल कधी येईल माहीत नसताना दिवसा झोप कशी काढायची?

मी मालगाडीवर असिस्टंट लोको पायलट (इंजिनाचा सहायक चालक) आहे, मुख्यालय भुसावळ. मालगाडीला ठरलेली वेळ नसते, ड्युटीच्या साधारण दोन तास आधी कॉल येतो. मुख्यालयात, म्हणजे घरी, १६ तासांची विश्रांती मिळते, पण दुपारी येईल वाटलेला कॉल रात्री आला की सगळा दिवस जागून गेलेला असतो. मग पहाटे तीन ते पाच फार कठीण जातं. प्रत्येक सिग्नल हात दाखवून मोठ्याने पुकारावा लागतो, लोको पायलट साहेब तो परत पुकारतात. दोन सिग्नलांच्या मधल्या शांततेतच डोळे जड होतात. तिथे क्षणभरही डुलकी चालत नाही.

जाड पडदे लावले, दुपारनंतरचा चहा सोडला, जेवण हलकं ठेवलं. फरक थोडाच. इअरप्लग घातले तर कॉल चुकेल, झोपेच्या गोळ्या मुळीच नकोत. रनिंग रूममध्ये (बाहेरगावी गाडीच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या विश्रांतीगृहात) झोप छान लागते, अडचण घरचीच आहे: दोन खोल्या आणि लहान मूल.

रनिंग स्टाफमधल्या (गाडीवर ड्युटी करणाऱ्या) अनुभवी मंडळींनी सांगावं, सकाळी घरी आल्यावर तुम्ही एकदाच सलग झोपता की दोन तुकड्यांत? दोन असतील तर दुसरी झोप किती वाजता घेता? आणि फोन घरच्यांकडे देऊन निर्धास्त झोपणं कुणाला जमलंय का?