कोल्हापूरहून आणायचं सामान: साधंच घ्यावं की भारीतलं?

प्रेषक: मंडळ सचिव
विषय: डिसेंबरची खरेदी

मंडळी, नमस्कार.

सुट्टीत आपल्या इथल्या परदेशातल्या मंडळातली बरीच कुटुंबं कोल्हापूरला चालली आहेत. तवा, गूळ, चप्पल कुठली घ्यायची, हे तेच तेच प्रश्न रोज येताहेत. बॅगेचं वजन मोजकं, त्यात दुकानदार आधी भारीतलंच पुढं करतो. कुठल्या वस्तूत साधीच बरी, कुठं पैसे मोजावेत आणि घेताना नेमकं काय बघायचं, हे ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी लिहावं. आठवणी नकोत, कामाचं लिहा.

---

प्रेषक: शाहूपुरीकर
विषय: उत्तर: डिसेंबरची खरेदी

तव्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथंच वाया जातात.

भाकरीला साधा काळा लोखंडी पत्र्याचा तवा घ्या. नॉनस्टिकचा लेप साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर खराब व्हायला लागतो, आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा तिथवर काही मिनिटांत पोचतो. आच मंद ठेवावी तर भाकरीला पापुद्रा सुटत नाही, ती वातड होते. म्हणजे भाकरीला जी आच लागते तीच या तव्याला सोसत नाही. महागडा असला तरी लेप तोच.

लोखंडी तव्यात बघायची पहिली गोष्ट वजन. ११ इंची तवा ३ मिलिमीटर जाड असेल तर मूठ सोडून दीड किलोच्या आसपास भरतो. किलोभरच भरला तर पत्रा २ मिलिमीटरचा आहे. तो पटकन तापतो, पटकन निवतो आणि काही महिन्यांत वाकतो. दुकानात काटा असतोच, लाजू नका, तवा काट्यावर ठेवायला सांगा.

दुसरी गोष्ट तळ, आणि आपल्यासाठी हीच महत्त्वाची. गावाकडचा तवा मध्ये खोलगट असतो. चुलीवर, गॅसवर तो उत्तम, कारण जाळ सगळीकडून लागतो. इथल्या विजेच्या काचेच्या शेगडीवर मात्र त्याची मधली रुपयाएवढी जागाच टेकते. भाकरी मध्ये करपते, कडेला कच्ची राहते. सपाट तव्यालाच हात घाला आणि तो उलटा करून तळावर स्टीलची पट्टी उभी धरा. पट्टीखालून उजेड दिसला तर दुसरा मागा. एकदा आडवी, एकदा तिरकी धरून बघायची. मूठ रिबीट मारलेली किंवा पक्की वेल्डिंग केलेली हवी. स्क्रूची मूठ सैल होतेच.

घावन, आंबोळी, डोशाला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा चांगला. शिरोली आणि गोकुळ शिरगावला इतक्या फाउंड्र्या आहेत की बीड ओतणं कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. ‘आधीच मुरवलेला’ म्हणून जो महाग विकतात त्यावर कारखान्यात एक-दोनदा तेल भाजलेलं असतं, बाकी लोखंड तेच. ते काम घरी दोन तासांत होतं. बिडाला धक्का सोसत नाही, एवढं लक्षात ठेवा. बॅगेच्या कडेला ठेवला आणि बॅग आपटली तर तडकतो. मधोमध, खाली-वर कपडे घालून ठेवा. तापलेल्या बिडावर गार पाणीही ओतायचं नाही.

आता मुरवणं. नवा तवा गंजू नये म्हणून त्याला तेलाचा नाहीतर मेणाचा हात दिलेला असतो. तो गरम पाणी, साबण आणि काथ्यानं घासून काढा. पुसून लगेच आचेवर ठेवा, पाणी पूर्ण उडू द्या. मग अर्धा चमचा तेल सगळीकडं चोळा आणि कोरड्या फडक्यानं पुसून काढा. पुसताना तेल लावलंच नव्हतं असं समजून पुसायचं. तवा धुरावू द्या, धूर थांबला की बंद करा, निवू द्या. असं चार वेळा. तेल खूप तापलं की त्याचा कडक पापुद्रा लोखंडाला धरतो, म्हणून थर पातळच लागतो. शेंगतेल, सूर्यफूल दोन्ही चालतं. जवसाचा थर सगळ्यात कडक होतो, पण कधीकधी खपल्या निघतात.

पहिले पंधरा दिवस भाकरी, चपाती, थालीपीठ एवढंच करा. टोमॅटो, चिंच, आमसूल या तव्यावर नको, आंबटानं थर उतरतो.

इथं जाळ नाही, मग भाकरी फुगवायची कशी? पाणी लावलेली बाजू सुकायच्या आत उलटा, दुसरी बाजू नीट भाजा. मग परत उलटून घडी केलेल्या फडक्यानं कडेकडेनं हलकं दाबत फिरवा. तवा पुरेसा जाड असेल तर टम्म फुगते.

---

प्रेषक: कसबा बावडेकर
विषय: उत्तर: डिसेंबरची खरेदी – गूळ

शाहूपुरीकरांचं तव्याबद्दल पटलं. आता गुळाचं सांगतो.

मार्केट यार्डात गुळाचा दर वर्षानुवर्षं रंगावर ठरत आलाय. पिवळाधमक रवा (गुळाची मोठी ढेप) वरच्या भावानं जातो आणि तांबूस-तपकिरी मागं राहतो. त्यामुळं काही गुऱ्हाळांत रस आटवताना हायड्रॉस टाकतात. हे सोडियमचं गंधकयुक्त रसायन रंग उडवतं. रंग उडाला म्हणजे मळ गेला असं नाही, मळ काढायचं काम रानभेंडीचं. भेंडीचं खोड ठेचून पाण्यात भिजवतात, तो चिकट रस काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) ओतला की मळी वर येते आणि गुळव्या (गूळ करणारा) ती झाऱ्यानं काढतो. गुळव्याची खरी कसोटी तिथं आहे.

हायड्रॉसचा पिवळेपणा टिकतही नाही. दोन-तीन महिन्यांत गूळ आतून काळवंडतो, चवीला किंचित खारट लागतो. गुळात सल्फर डायऑक्साइड किलोमागं ७० मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. मोजायचं यंत्र आपल्याकडं नाही, पण नाक आहे. लिंबाएवढा खडा पेलाभर गरम पाण्यात विरघळवा आणि लगेच वास घ्या. काडेपेटीच्या गुलासारखा वास आला तर तो गूळ नको. चांगल्या गुळाला रसाचा, थोडा करपट गोड वास येतो. पेला अर्धा तास तसाच ठेवला आणि तळाशी पांढरा साका बसला तर रसात टाकलेला चुना जास्त झालाय.

साखर घालून केलेला गूळही बाजारात येतो. तो फोडताना दगडासारखा लागतो आणि तुटलेल्या बाजूला खडीसाखरेसारखी चकाकी दिसते. चांगला गूळ सुरीनं खरवडला की भुसभुशीत सुटतो.

म्हणून साध्या रंगाचा, कमी दराचा रवा घ्या. ३० किलोचा रवा बॅगेत मावणार नाही, एक किलोच्या ढेपा मिळतात त्या घ्या. सुंदर डब्यातली गूळ पावडर आणि चौकोनी वड्या यांत पैसे डब्याचे आणि वड्या पाडण्याचे. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, त्यामुळं डिसेंबरात ताजा माल असतो.

इथं हिवाळ्यात घर तापवलं की हवा कोरडी होते, गूळ दगड होतो. ढेप आणतानाच फोडून, बुक्का करून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. खिरीत दूध फाटतं त्याला गुळातलं आम्ल आणि क्षार कारण. गुळाचं पाणी वेगळं उकळून गाळा, कोमट होऊ द्या आणि खीर खाली उतरवल्यावर घाला.

---

प्रेषक: मंगळवार पेठ
विषय: उत्तर: डिसेंबरची खरेदी – गुळाची दुरुस्ती आणि चप्पल

बावडेकर काका, एक दुरुस्ती. पिवळा दिसला की हायड्रॉसच, असं समजून लोक चांगला मालही टाकतात. को ९२००५ सारख्या जातीचा ऊस, योग्य पक्व झालेला, मळी नीट काढलेला असेल तर गूळ आपोआप सोनेरी येतो. आणि काळा गूळ म्हणजे शुद्ध हेही खरं नाही. रस जास्त आटला किंवा काहिलीला लागला तरी गूळ काळा होतो. तुम्ही सांगितलेली वासाची परीक्षाच खरी, रंगावर जाऊ नका. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते प्रदेशाचं. प्रत्येक ढेपेत काय आहे ते आपणच बघायचं.

आता चप्पल. जरीची, गोंड्याची, आत फोम घातलेली भारीतली चप्पल घेऊ नका. फोम वर्षा-दोन वर्षांत बसतो, दमट जागी ठेवला तर भुगा होतो, आणि तो चिकटवलेला असल्यामुळं वरचं कातडं सुटतं. साधं पायताण घ्या. तळ म्हशीच्या कातड्याचा, कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, शिवण कातडी वादीची.

चप्पल लाईनीत जाताना खिशात छोटा लोहचुंबक ठेवा. तळावर, टाचेखाली फिरवा. चिकटला तर आत खिळे आहेत, म्हणजे वादीची शिवण कमी आणि ठोकाठोक जास्त. मग कडा बघा. थर एकाखाली एक सारख्या पोताचे दिसले पाहिजेत. मधे करडा, कागदासारखा थर दिसला तर तो पुठ्ठा. पहिल्या पावसात फुगतो. कातड्यावर नख दाबा, वण उमटला पाहिजे. बोट ओलं करून तळाच्या आतल्या बाजूला लावा. पाणी मुरून डाग गडद झाला तर कातडं उघडं आहे. थेंब तसाच राहिला तर वर प्लॅस्टिकचा लेप आहे, तेल आत जाणार नाही आणि चप्पल पायाला कधीच बसणार नाही.

इथं स्वस्तातल्या स्वस्ताच्या मागं मात्र लागू नका. रेक्झिनचीही कोल्हापुरी म्हणून विकतात. आणि एक गैरसमज: कर्नाटकातल्या अथणीची चप्पल नकली नव्हे. २०१९ च्या मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. वीण चांगली असेल तर बिनधास्त घ्या.

माप थोडं आवळच घ्या, कातडं सैलावतं. चपलेच्या अंगठ्याच्या आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला एरंडेलाचे दोन-दोन थेंब तीन रात्री चोळा, दिवसाला पंधरा मिनिटं घरातच वापरा. चावते ती पहिल्याच दिवशी लांब चालल्यामुळं. भिजली तर सावलीत, उभी टेकवून वाळवा. हीटरजवळ ठेवली तर कातडं तडकतं. बर्फावर टाकलेल्या मिठातून घालून गेलात तर ती गेलीच समजा.

---

प्रेषक: राजारामपुरी
विषय: उत्तर: डिसेंबरची खरेदी – पंचा

इचलकरंजीचे सुती पंचे डझनानं आणा. जाड टॉवेलापेक्षा लवकर वाळतात आणि वजन काहीच नाही. नवा पंचा पाणी शोषत नाही अशी तक्रार येते, ती खळीमुळं. रात्रभर गार पाण्यात भिजवून दोनदा धुवा. कपडे मऊ करायचं द्रव घालू नका, त्याचा लेप सुतावर बसतो.

श्रीखंडाच्या चक्क्याला तर याच्यासारखं काही नाही. दुहेरी पंच्यात एक किलो दही बांधून फ्रीजमध्ये चाळणीवर आठ तास ठेवा, साधारण ४०० ग्रॅम चक्का मिळतो. नायलॉनच्या महाग पिशव्यांत पाणी निथळतं, पण कापड ओल ओढून घेतं तसं ती घेत नाही.

मंगळवार पेठेच्या ताई, चुंबकाची युक्ती फार चांगली.

---

प्रेषक: मंडळ सचिव
विषय: उत्तर: डिसेंबरची खरेदी – चिकट तवा

शाहूपुरीकर, एका सभासदाचा तवा चार वेळा मुरवूनही चिकट लागतोय, हाताला मधासारखा. टाकून द्यायचा का?

---

प्रेषक: शाहूपुरीकर
विषय: उत्तर: उत्तर: चिकट तवा

अजिबात टाकू नका. तेल जास्त राहिलंय आणि आच कमी पडलीय, त्यामुळं ते अर्धवटच आळलंय. खिडकी उघडा, तवा रिकामा मोठ्या आचेवर ठेवा आणि धूर पूर्ण थांबेपर्यंत राहू द्या. काचेच्या शेगडीवर एकदम वरच्या आकड्याला नेऊ नका, दर दोन मिनिटांनी एक आकडा वाढवा, नाहीतर पत्रा मधेच उचलतो. तरी चिकट राहिला तर जाड मीठ आणि चमचाभर तेल टाकून सुती चिंधीनं गोल घासा, धुवा, वाळवा. नंतर एकदाच तेलाचा हात द्या आणि या वेळी दोन फडकी वापरा: एक लावायला, एक पुसायला.